हौसेची बोट: एकरकमी की हप्त्यांवर?

कोल्हापूर आणि समुद्र यांच्यामध्ये सह्याद्री उभा असला, तरी गगनबावड्याचा किंवा फोंड्याचा घाट उतरून मालवण, तारकर्ली, देवबाग गाठणे हा इथल्या अनेक कुटुंबांच्या सुट्टीचा ठरलेला क्रम झाला आहे, आणि दरवर्षी बोट भाड्याने घेणाऱ्यांपैकी एखाद्याच्या मनात कर्लीच्या खाडीत स्वतःचीच बोट असावी, असे येणे स्वाभाविक आहे. ज्या हौसेला कोल्हापुरी बोलीत ‘नाद’ म्हणतात, तिच्यावर खर्चलेला पैसा वाया गेला असे हे शहर मानत नाही. कुस्ती, फुटबॉल, गाड्या यांवर इथे पिढ्यानपिढ्या मनापासून खर्च झाला आहे. म्हणून बोट घ्यावी की न घ्यावी हा प्रश्न बाजूला ठेवून, घ्यायचीच ठरल्यावर पैसे एकरकमी मोजावेत की कर्ज काढून हप्त्यांनी फेडावेत, एवढ्याचाच इथे विचार केला आहे; कारण या निर्णयातली चूक बोटीपेक्षा घराला आणि शेतीला अधिक महाग पडते.

‘रोखीने घेणे’ या शब्दप्रयोगाचा अर्थ आधी स्पष्ट करायला हवा. १ एप्रिल २०१७ पासून प्राप्तिकर कायद्याने एका व्यवहारापोटी २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोकड स्वीकारण्यास मनाई केली असून, ती मोडणाऱ्याला स्वीकारलेल्या रकमेएवढाच दंड होऊ शकतो. तेव्हा रोख खरेदी म्हणजे कर्ज न काढता, धनादेशाने किंवा आरटीजीएसने एकरकमी केलेली खरेदी, एवढाच अर्थ आता उरतो.

किमतीतला सर्वांत मोठा फरक बोटीच्या उपयोगाने पडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या दरांत विहारासाठीच्या यॉट आणि तत्सम नौका ४० टक्क्यांच्या गटात गेल्या आहेत, तर पर्यटकांना फिरवणाऱ्या सहलीच्या बोटींवर आणि फेरीबोटींवर ५ टक्केच कर आहे. १० लाखांच्या नौकेवर हौशी मालकाला ४ लाख रुपये कर भरावा लागतो. पुढे बोट विकायला काढली, तर गिऱ्हाईक किंमत ठरवते ती तिच्या अवस्थेवरून, मालकाने भरलेल्या करावरून नव्हे. खरेदीची पूर्ण रक्कम कर्जाऊ घेतली, तर या करावरही मुदतभर व्याज भरावे लागते.

कर्ज देणारी संस्था बोटीकडे मोटारीसारखे पाहत नाही. मोटारीचे कर्ज सहज मिळते, कारण नोंदणी पुस्तकावर बँकेचा बोजा चढतो, जुन्या गाड्यांचा बाजार जागोजागी आहे आणि हप्ते थकले तर गाडी ओढून नेऊन विकता येते. या व्यवस्थेला नजरगहाण म्हणतात. वस्तू कर्जदाराच्या वापरात राहते आणि तिच्यावरचा कर्जदात्याचा हक्क नोंदलेला असतो. अंतर्देशीय नौका अधिनियम, २०२१ मध्येही यांत्रिक नौका तारण ठेवून तसा दस्त निबंधकाकडे नोंदवण्याची तरतूद आहे, त्यामुळे अडचण कागदाची नसून बाजाराची आहे. ‘एफआरपी’ म्हटले की ऊसपट्ट्यात उसाचा रास्त आणि किफायतशीर दर आठवतो, पण बोट बांधणाऱ्यांच्या भाषेत ते काचतंतूंनी बळकट केलेले प्लॅस्टिक असते. त्याचे धड वर्षानुवर्षे टिकते, इंजिन मात्र खाऱ्या पाण्याने खाल्ले जाते. फेरी संपल्यावर गोडे पाणी खेळवून ते धुतले नाही, तर थंडाव्याच्या वाटांमध्ये मीठ साचत जाते, झाकण उघडेपर्यंत ते बाहेरून दिसतही नाही, आणि म्हणून एकाच वर्षी घेतलेल्या दोन इंजिनांची किंमत तीन वर्षांनी सारखी राहत नाही. अशा वस्तूचे मोल ठरवणारा माणूस घाटमाथ्यावरच्या बँकेच्या शाखेत सहसा सापडत नाही. साहजिकच बँक सोने, घर किंवा शेतजमीन तारण मागते. हौस खाडीत तरंगते आणि बोजा सातबाऱ्यावर चढतो, हे कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी घरातल्या सर्वांना माहीत असले पाहिजे.

कर्जाच्या बाजूने नेहमी केला जाणारा युक्तिवाद मुळापासून तपासण्याजोगा आहे. १० लाख रुपये ७ टक्क्यांच्या मुदत ठेवीत तसेच राहू दिले, तर तिमाही चक्रवाढीने पाच वर्षांत सुमारे ४ लाख १५ हजार रुपये व्याज मिळते, आणि तेवढेच कर्ज ११ टक्क्यांनी काढले तर पाच वर्षांत सुमारे ३ लाख ५ हजार रुपयेच व्याज जाते. तेव्हा ठेव न मोडता कर्ज काढावे, लाखभर रुपये सुटतात, असे सांगितले जाते. दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि निष्कर्ष साफ चूक आहे. ठेवीचे व्याज शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर मिळत राहते, तर कर्जाचे व्याज दरमहा घटणाऱ्या शिलकीवर लागते. ती शिल्लक घटते, कारण कर्जदार दरमहा २१,७४२ रुपयांचा हप्ता आपल्या कमाईतून भरत असतो, आणि नेमका हा हप्ताच तुलनेतून गळालेला असतो. ज्याने ठेव मोडून एकरकमी पैसे दिले, त्याने तेच २१,७४२ रुपये दरमहा ७ टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत टाकले, तर पाच वर्षांनी त्याच्याजवळ सुमारे साडेपंधरा लाख रुपये असतात, आणि कर्ज काढणाऱ्याजवळ ठेवीचे १४ लाख १५ हजार. बोट दोघांकडेही आहे. फरक सुमारे १ लाख ४० हजारांचा. ठेवीच्या व्याजावर प्राप्तिकर भरावा लागत असेल, तर हा फरक आणखी वाढतो, आणि हौसेच्या बोटीसाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजाला करात वजावट मिळत नाही. हे गणित अर्थात हप्त्याएवढी रक्कम दरमहा न चुकता बाजूला टाकणाऱ्यालाच लागू पडते.

व्याज ‘सरळ’ दराने, म्हणजे संपूर्ण मुदतभर मूळ मुद्दलीवर आकारले जात असेल, तर अधिकच सावध राहावे लागते. पाच वर्षांसाठीचा ७ टक्के सरळ दर हा घटत्या शिलकीवरच्या सुमारे साडेबारा टक्क्यांएवढा पडतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने बँका आणि वित्त कंपन्यांना सर्व शुल्कांसह खरा वार्षिक दर किरकोळ कर्जदाराला लेखी देणे बंधनकारक केले आहे, पण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नसल्यामुळे तिथे हप्त्यांचा तक्ता आग्रहाने मागून घ्यावा.

एकरकमी खरेदीचेही सोंग असू शकते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीमालकाकडे कॅश क्रेडिट खाते असते, म्हणजे कच्चा माल आणि येणी यांच्या तारणावर बँकेने मंजूर केलेली उचल, जिच्यावर वापरलेल्या रकमेपुरते रोजच्या शिलकीवर व्याज लागते. या खात्यातून बोटीचे पैसे गेले, तर ती रोख खरेदी नसून हप्ते आणि मुदत नसलेले कर्ज आहे. ते कधी फिटेल हे ठरलेले नसते, आणि मोठी ऑर्डर आली की स्क्रॅप घ्यायला उचल शिल्लक नाही, हे त्याच आठवड्यात कळते. अशा मालकाने वेगळे मुदतीचे कर्ज घेणे किंवा खरेदी वर्षभर पुढे ढकलणे अधिक शहाणपणाचे आहे. ऊसबिलाची रक्कम एकदम हाती येते, म्हणून बागायतदाराचा कलही एकरकमी देण्याकडे असतो. त्यातून पीककर्ज आणि पुढच्या लागणीचा खर्च वजा केल्यावर उरणारा पैसाच खरा मोकळा पैसा होय.

बोट पर्यटकांसाठी चालवायची असेल, तर मात्र कर्जाला खरे कारण मिळते, कारण कर्जावरचे व्याज धंद्याचा खर्च म्हणून वजा होते, नौकेवर घटत्या किमतीच्या २० टक्के दराने वार्षिक घसारा मिळतो आणि हप्ता कमाईतूनच निघतो. पण ही कमाई बारमाही नसते: मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत किनाऱ्यावरची जलक्रीडा बंद राहते, बोटी वाळूवर ओढून झाकून ठेवल्या जातात, तांडेलाचा पगार आणि विमा तेवढा चालू राहतो, आणि जून, जुलै, ऑगस्टचे हप्ते ठरल्या तारखेला येतातच. पीककर्जाची फेड सुगीला जोडण्याची रीत या जिल्ह्यातल्या बँकांना नवी नाही. तेव्हा पावसाळ्याचे तीन महिने फक्त व्याज आणि दिवाळी ते मे मोठे हप्ते, अशी परतफेड कर्ज मंजूर होण्यापूर्वीच मागून करारनाम्यात लिहून घेता येते.