लोडरची जलद जोडणी : बकेट बदलणारे घरगुती अडॅप्टर

ट्रॅक्टरच्या पुढच्या लोडरला बकेट साधारणपणे चार पिनांनी जोडलेली असते. दोन पिना लोडरच्या दोन हातांच्या टोकांना आणि दोन त्यांच्या वर, बकेट कलवणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरना. ही जोडणी भक्कम असते. अडचण येते ती बकेट काढून त्या जागी गवताच्या गाठी उचलणारे भाले किंवा पॅलेटचे काटे लावायची वेळ आली की. गंजलेल्या पिना घणाने ठोकून काढायच्या, नवे अवजार सपाट जागी ठेवून ट्रॅक्टर त्याच्या पुढ्यात आणायचा आणि भोकाला भोक जुळवायचे. एका बाजूचे जुळले की दुसऱ्या बाजूचे दोन-तीन मिलिमीटर वर राहते. मग पहारीने रेटायचे, लिव्हर जराशी हलवायची, पुन्हा वाकून पाहायचे. भोके जुळली का हे बोट घालून चाचपण्याची सवय पुष्कळांना असते आणि ती फार घातक आहे. लोडरचा हात एवढासा जरी खाली आला, तरी दोन भोकांच्या कडा कात्रीसारख्या एकमेकींवरून सरकतात.

या खटाटोपावरचा उपाय म्हणजे लोडर आणि अवजार यांच्यामध्ये कायमची बसणारी एक चौकट. तिची पाठ चार पिनांनी लोडरला जोडलेलीच राहते. तोंडाकडची बाजू मात्र अशी असते की चालकाने चौकट पुढे कलवून अवजाराच्या वरच्या ओठाखाली घालायची, मागे कलवून अवजार उचलायचे आणि खाली दोन खटके लावायचे.

अमेरिकेत या जोडणीचे जे रूप आज सर्वांत जास्त दिसते, ते स्किड स्टिअर या जागच्या जागी वळणाऱ्या छोट्या लोडरकडून आले. मिनेसोटा राज्यातल्या रॉथसे गावी लोहारकाम आणि यंत्रदुरुस्ती करणाऱ्या सिरिल आणि लुई केलर या भावांनी १९५७ मध्ये टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्यासाठी, खुराड्यांतून वळेल असा छोटा तीनचाकी लोडर बनवला. पुढच्याच वर्षी नॉर्थ डकोटातल्या मेलरो कंपनीने त्याचे उत्पादन हाती घेतले आणि त्यातून बॉबकॅट हे नाव उभे राहिले. १९७० मध्ये याच कंपनीने बॉब-टॅच ही जलद जोडणी आणली. इतर उत्पादकांनीही तसेच तोंड स्वीकारले आणि पुढे आयएसओ २४४१० हे आंतरराष्ट्रीय मानक तयार झाले. युरोपातल्या ट्रॅक्टर लोडरची रीत वेगळी आहे. तिथे अवजाराचे दोन हुक लोडरच्या आडव्या दांड्यावर अडकतात आणि खाली पिना बसतात; त्याचे मानक आयएसओ २३२०६. घरी अडॅप्टर करणाऱ्याने पहिला निर्णय या दोहोंतला घ्यायचा असतो, आणि तो परिसरात कोणती अवजारे विकत किंवा भाड्याने मिळतात यावरच घ्यावा.

तोंड प्रमाणित असले तरी पाठ प्रमाणित नाही. पिनांचा व्यास, दोन हातांमधले अंतर, खालच्या आणि वरच्या पिनेतले अंतर हे सगळे प्रत्येक लोडरचे निराळे, जुन्या लोडरचे तर फारच निराळे. म्हणून अमेरिकेत तोंडाची तयार प्लेट, खटक्यांसकट, वेल्ड करून घेण्यासाठी बाजारात मिळते. घरगुती कारागिराच्या वाट्याला मुख्यतः पाठ येते. तोंडही स्वतःच कापायचे धाडस करण्यापेक्षा तयार प्लेट घेणे शहाणपणाचे, कारण ओठाचा कोन आणि खालच्या खाचांची जागा थोडी जरी चुकली तरी मानकात बसणारे अवजार या चौकटीवर धड बसत नाही.

पाठीचे सगळे यश मोजमापात आहे. मूळ बकेटच्या मागे हाताची पिन आणि सिलिंडरची पिन यांच्या केंद्रांमध्ये जे अंतर असते, तेच अडॅप्टरवर यायला हवे. ते वाढले तर कलवण्याची ताकद वाढते, पण बकेट पुरती रिकामी होत नाही किंवा पुरती मागे वळत नाही. ते घटले तर उलट होते : वळण वाढते, ताकद कमी पडते आणि अवजार हातांवर आपटण्याची शक्यता निर्माण होते. अंतराइतकाच कोनही महत्त्वाचा. बकेटचा तळ जमिनीला समांतर असताना दोन पिनांना जोडणारी रेषा किती कललेली आहे, हे मूळ बकेटवरून उतरवून घ्यावे लागते. यासाठी जाड पुठ्ठ्याचा किंवा प्लायवुडचा साचा कापून तो लोडरवरच लावून पाहणे ही सर्वांत खात्रीची पद्धत. हात वर, हात खाली, पूर्ण पुढे, पूर्ण मागे, अशा सगळ्या स्थितींत साचा कुठे अडत नाही ना, हे पाहिल्यावरच पोलादाला हात लावावा.

अडॅप्टर लावल्यावर लोडरची उचलण्याची क्षमता घटते. एक ढोबळ उदाहरण घेता येईल. लोडरच्या हाताचा मागचा सांधा टोकाच्या पिनेपासून २ मीटरवर आहे आणि पिनेपाशी तो ५०० किलो उचलतो असे समजू. बकेटसह मालाचे भारकेंद्र पिनेच्या अर्धा मीटर पुढे असेल, तर प्रत्यक्षात ४०० किलोच उचलले जातात, आणि त्यात बकेटचे स्वतःचे वजनही आले. आता ६० किलोचे अडॅप्टर मध्ये आले आणि त्याने बकेट १२ सेंटिमीटर पुढे ढकलली, तर हाच आकडा ३३५ किलोच्या आसपास येतो. एकाच चौकटीने ६५ किलोंची क्षमता खाल्ली. म्हणून जाडजूड प्लेट वापरण्याचा मोह आवरला पाहिजे. लहान ट्रॅक्टरसाठी मजबुती जाडीतून मिळवायची नसते, आकारातून मिळवायची असते, आणि चौकट पिनांच्या जितकी जवळ बसेल तितकी चांगली.

जाडी लागते ती पिना धरणाऱ्या कानांना. लहान लोडरसाठी ते १२ ते १६ मिलिमीटर प्लेटचे असतात. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये ट्रॉली-नांगरासाठी आयएस २०६२ दर्जाची जी साधी प्लेट येते, ती या कामाला चालते. पिनांसाठी लेथवाल्याकडे मिळणारा ईएन-८ साध्या सळईपेक्षा पुष्कळ बरा. कानांची भोके गॅसने जाळून पाडू नयेत. ती ड्रिलने पाडून बोअर करावीत, शक्य तर बुश घालावेत आणि ग्रीस निपलची जागा आधीच ठरवावी.

नवशिक्याकडून नेमकी राहून जाते ती डाव्या-उजव्या कानांना जोडणारी आडवी नळी. बकेटचा एकच कोपरा दगडात किंवा मुळात अडकला की सगळा जोर एका बाजूला येतो आणि चौकट पिळवटते. सपाट पट्टी हा पीळ झेलू शकत नाही. गोल किंवा चौकोनी बंद नळी तो झेलते, त्यामुळे ती हवीच.

वेल्डिंगला क्रम महत्त्वाचा. तापलेले पोलाद थंड होताना आकसते आणि कान आपोआप आत झुकतात. म्हणून चारही खालचे कान एकाच लांब, सरळ शाफ्टवर ओवून, वरचे दुसऱ्या शाफ्टवर ओवून, गुण्याने तपासून आधी फक्त टॅक मारावेत. टॅक मारलेली चौकट लोडरवर लावून पुन्हा सगळ्या हालचाली पाहाव्यात. पक्के वेल्डिंग लोडरवरून उतरवल्यावरच, शाफ्ट जागेवर ठेवून, थोडे डावीकडे थोडे उजवीकडे असे करावे. लोडरवर टॅक मारताना बॅटरी सोडवून ठेवावी आणि अर्थचा चिमटा थेट अडॅप्टरवरच लावावा, म्हणजे करंट बेअरिंगमधून जाणार नाही. दुकानात सर्रास मिळणारा ६०१३ रॉड पत्र्याच्या कामाला ठीक. भार घेणाऱ्या कानांना ७०१८ चा कमी हायड्रोजनचा रॉड हवा. तो दमट झाला तर त्याचा उपयोगच संपतो, कारण ओलाव्यातला हायड्रोजन वेल्डच्या कडेला चिरा पाडतो. ज्याचा हात या कामाला बसलेला नाही त्याने कानांचे वेल्डिंग प्रमाणपत्रधारक वेल्डरकडून करून घ्यावे. इथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

खालच्या खटक्यांत खरी युक्ती आहे. लिव्हर दाबली की दोन पिना खाली उतरतात आणि अवजाराच्या खाचांत शिरतात. या पिनांचे टोक तिरपे असते. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर ठोकावी तशी ती खाचेत शिरतात आणि अवजार चौकटीवर ओढून घट्ट करतात. पुढे वापराने झीज झाली तरी पिन आणखी थोडी खाली उतरते आणि सैलपणा भरून निघतो. टोक सरळ ठेवले तर पहिल्या दिवसापासून खडखड सुरू होते आणि खाचा रुंदावतात. लिव्हरची स्प्रिंग मध्यबिंदू ओलांडून पलीकडे बसली पाहिजे, म्हणजे हादऱ्याने ती आपोआप उघडत नाही.

लिव्हर खाली गेली म्हणजे पिन खाचेत गेलीच असे नाही. खाचेत माती किंवा बर्फ साचला असेल तर पिन बाहेरच अडते, आणि वर उचललेली बकेट सुटून खाली येते. म्हणून दोन्ही पिनांची टोके खाचेतून बाहेर आलेली डोळ्यांनी पाहायची, मग अवजार जमिनीपासून वीतभर उचलून त्याचे पुढचे टोक जमिनीवर दाबायचे. तळ चौकटीपासून जराही सुटला तर जोडणी झालेली नाही. नव्या अडॅप्टरवर पहिला भार कमी वजनाचा, कमी उंचीवर आणि ट्रॅक्टरच्या मागे पुरेसे वजन बांधूनच घ्यावा. वाढलेला पुढचा भार मागची चाके हलकी करतो. काही तासांच्या कामानंतर सगळे वेल्ड धुऊन, लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर मारून तपासावेत. केसाएवढी लाल रेघ दिसली तर तो वेल्ड वरून भरायचा नसतो. ग्राइंडरने मुळापर्यंत काढून नव्याने करायचा असतो.