पुन्हा करू

शनिवार, सकाळची शाळा. तळोदा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी सातवीच्या वर्गात मागे भिंतीला टेकून बसले आहे. मीना-राजू मंचाचा तास चाललाय; मुलं एक प्रसंग करून दाखवताहेत. एक मुलगा सायकलचं हँडल धरल्यासारखे हात करून मुलीची वाट अडवतो. मागचे दोघे खिदळतात. वर्गही हसतो.

मॅडम खेळ थांबवतात. "तुम्ही तिथं असता तर काय केलं असतं?"

"ठोकला असता त्याला!"

"शिरीषकुमारसारखं मध्ये पडायचं," दुसरा भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट करतो. ९ सप्टेंबर जवळ आलाय. १९४२ साली नंदुरबारात पोलिसांनी मिरवणुकीतल्या मुलींवर बंदूक रोखली आणि पंधरा वर्षांचा शिरीषकुमार पुढे झाला, ही गोष्ट इथली पोरं ऐकतच मोठी होतात.

मुली गप्प आहेत. वाट अडवली गेलेली मुलगी ओढणीचं टोक पिळतेय. मॅडम घाई करत नाहीत. मला त्यांचं ते थांबणं फार मोलाचं वाटतं.

"मारामारी झाली की घरी कळतं," ती खालमानेनं म्हणते. "मग माझीच शाळा बंद होते."

कुणी हसत नाही. दिवाळीनंतर इथली कितीतरी घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. मुलीची शाळा सुटायला एवढंसं निमित्त पुरतं.

"मग काय करायला हवं होतं?"

"हे दोघं हसले नसते, तर तो कधीच निघून गेला असता."

ते दोघे सतरंजीकडे बघतात.

तक्रारपेटीचा विषय निघतो. पेटी हेडसरांच्या दारालाच टांगलेली. "कोण चिठ्ठी टाकतंय ते सगळ्यांना दिसतं," एक मुलगी सांगते. मॅडम वहीत टिपून घेतात. मुलींच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या शाळेच्या सखी सावित्री समितीच्या बैठकीत त्या जागा बदलायला सांगणार आहेत. "तोवर मी हिच्याबरोबर तुमच्याकडे येईन," शेजारची मैत्रीण म्हणते.

"ये. पण कुणी अंगाला हात लावला असेल, तर ते शाळेत मिटवायचं नसतं. २०१२चा पोक्सो कायदा आहे, मला पोलिसांना कळवावंच लागतं. माझ्याशी बोलवत नसेल तर १०९८ला, चाइल्डलाइनला फोन करा."

"मैत्रिणीनं शपथ घातली तरी सांगायचं?"

"तरी सांगायचं. आणि नंतर तिला एकटं सोडायचं नाही."

हे दुसरं वाक्य त्या दोनदा म्हणतात. कायद्याच्या पुस्तकात ते नाही, आणि मुलींना भीती नेमकी एकटं पडण्याचीच असते.

"पुन्हा करू," ओढणी सोडून ती उठते.

खेळ पुन्हा सुरू होतो. तेच हात, तीच वाट. मागचे दोघे नुसते उभे. त्यातला एक म्हणतो, "चल रे, उशीर होतोय." वाट अडवणारा मागे वळून बघतो, तोंड उघडतो, पुन्हा मिटतो.

"मॅडम," त्याचे हात खाली येतात, "हे हसलेच नाहीत, तर मला बोलताच येत नाही."