सेंट्रीफ्यूजचा रोटर : पारख आणि निगा

ठाणे, मुंब्रा, भिवंडी, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात आज गल्लोगल्ली पॅथॉलॉजी लॅब आहेत. डोंबिवली एमआयडीसीतील रसायन कारखान्यांच्या प्रयोगशाळा वेगळ्याच. रक्त किंवा द्रावण गरगर फिरवून त्यातील जड भाग तळाला बसवणारे सेंट्रीफ्यूज मशीन यांतील बहुतेक ठिकाणी लागते. त्याची विक्री, जुन्या मालाची देवघेव आणि दुरुस्ती यांत आपल्या व्यापाऱ्यांना व कारागिरांना चांगले काम मिळू शकते. मात्र या मशीनमधला खरा जोखमीचा भाग म्हणजे आतला रोटर. त्याची पारख नसेल तर धंद्यात नाव जाते, आणि कधी जिवावरही बेतते.

वेग नव्हे, जोर पाहा

गिऱ्हाईक विचारते, "किती आरपीएम?" खरे तर विचारायला हवे, किती 'जी', म्हणजे गुरुत्वाच्या किती पट जोर. हिशेब सोपा आहे. मधल्या अक्षापासून फिरत्या नळीच्या तळापर्यंतचे अंतर सेंटीमीटरमध्ये घ्या, त्याला मिनिटाच्या फेऱ्यांच्या वर्गाने गुणा, आणि आलेल्या आकड्याला ०.००००१११८ ने गुणा. ३००० फेऱ्यांवर १० सेंटीमीटरचा रोटर सुमारे १००० जी देतो, तर १५ सेंटीमीटरचा सुमारे १५००. फेऱ्या दुप्पट झाल्या की जोर चौपट होतो. सीरम वेगळे करायला साधारण १००० ते १५०० जी लागतात; लघवीचा गाळ पाहायला ४०० च्या आसपास पुरतात. नळीच्या कंपनीने दिलेली सूचना मात्र प्रमाण मानावी.

कोणता रोटर घ्यावा?

स्विंग-आउट रोटरमध्ये बकेट फिरताना आडव्या होतात, त्यामुळे थर सपाट बसतो. जेलच्या नळ्या वापरणाऱ्या रक्ताच्या लॅबला हाच सोयीचा. अँगल रोटरमध्ये नळ्या तिरक्या व पक्क्या असतात. गाळ बाजूला, पण लवकर बसतो. छोट्या नळ्या आणि जास्त वेग असेल तिथे तो बरा. रोटर त्याच मशीनसाठी बनवलेला आहे ना, त्यावर कमाल वेग कोरलेला आहे ना, आणि नळी तेवढा जोर सोसते ना, या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय सौदा करू नये.

तोल

कल्याणच्या एका लहान लॅबमध्ये मशीन थरथरते म्हणून मोटर बदलायची तयारी चालली होती. आम्ही पाहिले तर चारपैकी एक बकेट दुसऱ्याच संचातली निघाली. १५०० जी जोरावर १० ग्रॅमचा फरक १५ किलोंच्या ओढ्यासारखा लागतो, मशीन थरथरणारच. समोरासमोरच्या बकेट नळ्यांसह तराजूत जोखाव्यात. नमुना एकच असेल तर समोर तेवढ्याच वजनाची पाण्याची नळी ठेवावी. सगळ्या बकेट जागेवर असल्याशिवाय, काही रिकाम्या असल्या तरी, मशीन चालू करू नये.

रोजची निगा

बहुतेक रोटर ॲल्युमिनियमचे असतात. मीठ, आम्ल, कपड्याचा सोडा आणि हायपो हे त्याचे शत्रू. सौम्य साबणाने धुवावे, साध्या पाण्याने खळखळून काढावे, कोरडे पुसून उपडे ठेवावे. तारेच्या घासणीने वरचा थर ओरखडू नये. बकेट ज्या खुंट्यांवर झुलते त्यांना कंपनीने सांगितलेले ग्रीस अगदी पातळ लावावे. झाकणाचे रबर फुटले तर लगेच बदलावे. आत रक्ताची नळी फुटली तर मशीन बंद करून अर्धा तास झाकण उघडू नये. हवेत उडालेले तुषार खाली बसू द्यावेत. मग जाड हातमोजे घालून, काचा चिमट्याने उचलून, धातू न खाणाऱ्या जंतुनाशकाने साफ करावे.

कारागीर बंधूंना विनंती

रोटरवर पांढरे डाग, खड्डे किंवा केसासारखी चीर दिसली तर तो बाद समजावा. तो वेल्ड करू नये, लेथवर चढवू नये, तोल साधायला ड्रिलही मारू नये. १९९८ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात अतिवेगवान सेंट्रीफ्यूजमधला ॲल्युमिनियमचा रोटर चालू असताना फुटला. मशीन निकामी झाले, खोलीची दाणादाण उडाली. नशिबाने कोणी जखमी झाले नाही. लॅबमधले साधे मशीन त्याच्यापुढे लहान. तरी १५ सेंटीमीटरच्या रोटरवरची बकेट ३००० फेऱ्यांवर ताशी सुमारे १७० किलोमीटर वेगाने धावते. ती सुटली तर काय होईल, हे धातूकाम करणाऱ्याला सांगायला नको.

जुना माल विकणाऱ्यांनी रोटर किती वर्षांचा, किती वापरलेला, हे बिलावर लिहून द्यावे. ठाऊक नसेल तर तसेच सांगावे. ऐब लपवून विकलेल्या रोटरचा नफा एकदाच मिळतो. खरे सांगणाऱ्याकडे लॅबवाला पुढची खरेदी आणि दुरुस्ती दोन्ही घेऊन येतो.