मधुमेहींनो, पायाकडे पाहा
येडशीच्या रामलिंगाला किंवा कोजागरीला तुळजापूरला अनवाणी जाण्याआधी मधुमेहींनी पाय तपासून घ्यावेत. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. काटा रुतला, तापल्या फरशीने फोड आला तरी कळत नाही.

डॉक्टर 10 ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून स्पर्श कळतो का पाहतात, पायाची नाडीही चाचपतात. दोन्ही ठीक असल्यास वर्षातून एकदा तपासणी पुरते. बधिरपणा असून पूर्वी जखम झाली असेल, तर दर 1 ते 3 महिन्यांनी हवी.

रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा. कुरूप ब्लेडने कापू नका. घरातही चप्पल वापरा. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवा. जखम, सूज किंवा काळसरपणा दिसल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठा.