चौऱ्याण्णववर अडलेला वेग

प्लॅन ३०० एमबीपीएसचा, पण केबलने जोडलेल्या संगणकावर वेग ९४च्या आसपासच थांबतो. अशा वेळी दोष बहुधा घरातल्या तारेत असतो. लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोन पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. या जादा लागणाऱ्या दोन जोड्यांतली एक तार तुटली की उपकरणे बहुधा निमूटपणे १००वर उतरतात आणि त्यातलाही थोडा वाटा माहितीच्या वेष्टनात जातो. कंपनीच वेग कमी देत असेल, ही शंका रास्त आहे. पण त्याच राउटरच्या वायफायवर मोबाइलला दोनशे मिळत असतील, तर दोष कंपनीचा नाही. नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड १०० दिसला तर आधी केबल बदलावी. तरीही आकडा हलला नाही, तर राउटरचे पोर्टच १००चे नाही ना, ते पाहावे. स्वस्त राउटरांत तसे सर्रास असते.