काटा अर्ध्यावर, गाडी टोचनवर

सकाळी ६

पळस्पे फाट्यावर रस्ता फुटतो. एक वाट जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने खोपोलीकडे जाते, दुसरी राष्ट्रीय महामार्ग ६६, म्हणजे आपला गोवा हायवे, कर्नाळ्याच्या खिंडीतून पेणकडे. माझं गॅरेज फाट्याच्या अलीकडे, पनवेलच्या अंगाला. कोकणातून वाशीच्या मार्केटला जाणारा माल इथूनच जातो. जूनच्या पहिल्या आठवड्यात रायगडच्या आंब्याच्या शेवटच्या गाड्या निघतात आणि त्याच दिवसांत पाऊसही येऊन ठेपतो. मग शटर वर जायच्या आधीच दारात कुणीतरी उभं असतं.

आज टोचन करून आणलेला पिकअप आहे. बीएस-४ मधला, कॉमन रेलचा. मागे आंब्याचे क्रेट, वर ताडपत्री. ड्रायव्हर रात्रभर जागा आहे, डोळे लाल झालेत.

"मिस्त्री, पंप गेलाय. डिझेल आहे, काटा अर्ध्यावर आहे बघा. चावी मारली की नुसता स्टार्टर फिरतो."

"पंप गेलाय हे कुणी सांगितलं?"

"टोचन लावणारा म्हणाला."

हायवेवर हे रोज होतं. गाडी बंद पडली की पहिला बळी पंपाचा. कॉमन रेलच्या गाडीत हाय प्रेशर पंपाचं काम निघालं की बिल हजारांत सुरू होतं आणि कुठे थांबेल सांगता येत नाही. ज्याचा हप्ता या गाडीवर चाललाय त्याला "पंप गेला" हे दोन शब्द कुणी सहज ऐकवू नयेत. म्हणून बॉनेट उघडण्याआधी मी माणसाला विचारतो. गाडी एकदम बंद झाली की आधी ताकद कमी झाली? झटके दिले का? थोडं थांबून परत सुरू झाली का? शेवटचं डिझेल कधी भरलं?

उत्तरं आली ती अशी: कर्नाळ्याच्या चढाला दम तोडला, झटके दिले, बंद. दहा मिनिटांनी सुरू झाली, उतारावरून नीट आली, फाट्याच्या जवळ पुन्हा बंद. डिझेल परवा भरलेलं. काटा परवापासून अर्ध्यावरच आहे.

परवापासून अर्ध्यावर. ही गोष्ट त्याने सगळ्यात शेवटी सांगितली, आणि तीच पहिली ऐकायला हवी होती.

सकाळी ६:३०

आधी मालाची सोय. शेजारच्या टेंपोवाल्याला उठवून क्रेट त्याच्या गाडीत चढवले. बाजार कुणासाठी थांबत नाही आणि आंबा तर मुळीच नाही.

सकाळी ७

टाकीचं झाकण हळूच फिरवून कान लावला. आत हवेचा ताण धरला असेल तर झाकण सैल होताना सूं असा आवाज येतो. आला नाही. मग स्वच्छ पट्टी सरळ तळापर्यंत सोडली. वर काढली तर फक्त दोन बोटं ओली.

ड्रायव्हर पट्टीकडे बघत राहिला, मग मीटरकडे. काटा अजून अर्ध्यावर.

चढाला गाडी का दमली ते यातून कळतं. नाक वर झालं की तळाशी उरलेलं डिझेल मागे सरकतं, नळीचं तोंड उघडं पडतं आणि पंप डिझेलऐवजी हवा ओढतो. सपाटीवर थांबलं की डिझेल परत जागेवर येतं, गाडी सुरू होते, पुढे पुन्हा तेच. पुष्कळ गॅरेजमध्ये काम इथेच संपतं: दहा लिटर ओता, हवा काढा, जाऊ द्या. मी थांबत नाही. हवेवर चाललेल्या पंपाला आतून काय झालंय ते बघितल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हा माझा नियम आहे.

सकाळी ७:३० ते १०

पंपाचं थोडं सांगतो, कारण सगळा जीव त्यात आहे. हाय प्रेशर पंपाला वेगळं ऑईल नसतं. त्यातून जाणारं डिझेलच त्याला वंगण देतं आणि थंडही ठेवतं. आतल्या प्लंजर आणि बॅरलमधली फट काही मायक्रॉनची, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी. त्या फटीत डिझेलची पातळ फिल्म असते म्हणून धातू धातूला लागत नाही. टाकी कोरडी पडली की ती फिल्म तुटते. धातू घासतो, त्याचा बारीक चुरा रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांच्या सामाईक नळीत जातो, रेलमधून इंजेक्टरात. मग नुसता पंप बदलून भागत नाही. रेल, इंजेक्टर, पाइप, टाकी सगळं उघडावं लागतं. खोटा काटा हा ड्रायव्हरला किरकोळ त्रास वाटतो. पण पंपाला मारतो तोच.

पहिलं काम फिल्टर. तळाचा स्क्रू सैल करून डिझेल काचेच्या बाटलीत काढलं आणि उजेडात धरलं. खाली थोडं पाणी बसलेलं दिसलं. पावसाळ्याच्या तोंडाला, दमट हवेत अर्धी रिकामी टाकी ठेवली की आतल्या पत्र्याला घाम सुटतो, ते हे पाणी. मी शोधत होतो ती चकाकी. बाटली हलवली की जरीच्या धुळीसारखं चमचमलं तर पंप आतून खायला लागला असं समजायचं. बोट बुडवून अंगठ्यावर चोळलं. काही नाही. ड्रायव्हरला बाटली हातात दिली, त्यालाही दाखवलं.

मग टाकीत दहा लिटर डिझेल ओतून हवा काढायचा हँड प्रायमर दाबायला घेतला. तो घट्ट व्हायला हवा, होईना. फिल्टरकडे येणाऱ्या पाइपात पारदर्शक नळीचा तुकडा जोडला तर बुडबुडे ओळीने येताना दिसले. टाकीत डिझेल असूनही हवा येतेय, म्हणजे वाटेत कुठेतरी पाइप फुटलाय. गंमत अशी की ओढीच्या बाजूचा पाइप फुटला तर बाहेर थेंब पडत नाही. पंप आत ओढतो, म्हणून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. खाली ओलं नाही म्हणून कुणी त्या पाइपाकडे बघत नाही. टाकीवरच्या क्लिपच्या अगदी मागे रबर तडकलं होतं.

खात्रीसाठी टाकीचा पाइप बाजूला ठेवून स्वच्छ कॅनमधून थेट फिल्टरला डिझेल दिलं. प्रायमर चार दाबांत कडक. स्कॅनर लावला. कोड होता पी ००८७, रेलमध्ये दाब कमी. माझ्या पोऱ्याला मी हे पुन्हा पुन्हा सांगतो की हा कोड पंप खराब आहे असं म्हणत नाही. दाब कमी आहे एवढंच म्हणतो. दाब रिकाम्या टाकीने कमी होतो, चोंदलेल्या फिल्टरने होतो, हवेने होतो, गळक्या इंजेक्टरनेही होतो. पंप या यादीत शेवटी. कोड पुसला, स्टार्टर मारला, आकडा बघितला. इंजिन पकडायला रेलमध्ये साधारण दोनशे बारच्या आसपास दाब लागतो. आकडा सरसर वर गेला आणि गाडी सुरू झाली. इंजेक्टरांच्या रिटर्नला बाटल्या लावून बघितलं, चारही जवळपास सारख्या भरल्या.

पंप जिवंत आहे. ड्रायव्हर तिथेच बाकावर आडवा झाला आणि झोपला.

पोऱ्याने मधे पाना उचलला होता. इंजेक्टरच्या पाइपाचा नट सैल करून हवा काढावी, हे तो जुन्या गाड्यांवर शिकलाय. जुन्या यांत्रिक पंपावर ती रीत बरोबर होती. आमच्या पिढीचे मिस्त्री त्यावरच मोठे झाले. १९५१ मध्ये निघालेल्या मायको कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, तरी हायवेवर अजून "मायको पंप" म्हणतात, इतकी ती सवय मुरलीय. पण कॉमन रेलमध्ये चालू इंजिनवर दाब हजार बारच्या पुढे जातो. सैल नटातून निघालेली धार दिसतही नाही आणि कातडी भेदून आत शिरते. वर टाचणीएवढं भोक दिसतं, आत हात सडायला लागतो. असं झालं तर मलमपट्टी करत बसायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं आणि डॉक्टरांना सांगायचं की दाबाने डिझेल शिरलंय. पोऱ्याच्या हातातला पाना मी काढून घेतला. कॉमन रेलवर इंजिन चालू असताना पाइपाला हात नाही. इंजिन बंद केल्यावरही दाब उतरेपर्यंत थांबायचं.

सकाळी १०:३० ते १

आता काटा. यात तीनच गोष्टी असतात: टाकीतलं युनिट, मधली वायर आणि मीटर. युनिट म्हणजे दांडीवरचा फ्लोट. तो डिझेलबरोबर वरखाली होतो, दांडी एका पट्टीवर घासते, त्याने ओहम बदलतात आणि मीटर ते वाचून काटा हलवतं.

एक पाहणी मी फोनवरसुद्धा सांगतो. डिझेलचा आणि तापमानाचा, असे दोन्ही काटे एकदम वेडे झालेत का? तसं असेल तर टाकी उघडू नका. मीटरचा सप्लाय किंवा अर्थिंग बघा. इथे तापमानाचा काटा शहाणा होता.

जुन्या गाडीत युनिटचा प्लग काढून वायर क्षणभर अर्थ केली की काटा एका टोकाला गेला पाहिजे. गेला तर मीटर आणि वायर बरी, दोष टाकीत. नव्या मीटरमध्ये मी असं थेट टेकवत नाही. रेझिस्टन्स जोडून बघतो, नाहीतर चांगलं मीटर हकनाक जळायचं. पन्नासच्या आसपास ओहम दिले, काटा हलला. ते वाढवले-घटवले, काटा मागोमाग गेला. मीटर खरं.

टाकी उतरवली. बॅटरीची केबल काढून, उघड्यावर, विडी-सिगारेट लांब. युनिट बाहेर काढून दांडी हाताने फिरवली तर मल्टिमीटरवर आकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग, कुठे उडी नाही. फ्लोट पाण्यात बुडवून पाहिला, तरंगला. युनिटही खरं! मग टाकीच्या आत टॉर्च मारला. बाहेरच्या बाजूने दगड लागून पत्रा आत आला होता आणि दांडी नेमकी अर्ध्यावर त्या पोच्याला अडत होती. युनिट नवीन घालून दिलं असतं तर महिन्याभरात हीच तक्रार परत आली असती.

टाकी धुऊन, पोचा आतून काढून, पाइप आणि फिल्टर नवा घालून जोडलं. मग दहा-दहा लिटर ओतत गेलो आणि प्रत्येक वेळी काटा कुठे आहे त्याची मीटरच्या काचेवर बारीक खूण केली. तळाचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. काटा लालला टेकतो तेव्हा टाकीत नक्की किती उरतं हे ड्रायव्हरला ठाऊक पाहिजे.

दुपारी १:३०

भाकरी, सुकट. पाऊस आला, पत्र्यावर वाजला, गेला.

दुपारी २

कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून एक जुना पिकअप, यांत्रिक पंपाचा. वीसेक किलोमीटर चालला की दम तोडतो, पाच मिनिटं थांबला की ठीक. आधी कुणीतरी टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप बदललाय, तरी तेच. मी मालकाला सांगितलं, वीसेक किलोमीटर चालवून आणा, दम तोडायला लागली की बंद करू नका, तशीच माझ्याकडे घ्या. आली. झाकण सैल केलं तर सूं करून हवा आत गेली आणि इंजिन सुधारलं. झाकणाचं हवेचं भोक मातीने बंद होतं. डिझेल जातं तेवढी हवा आत यायला हवी. ती आली नाही तर टाकीत ओढ धरते आणि पंपाला डिझेल मिळत नाही. योग्य झाकण बसवलं, काम संपलं.

मालकाने झाकणाचे पैसे दिले. तपासणीचे मागितले तेव्हा म्हणाला, "काहीच तर नाही केलं."

यावर मला मनापासून बोलायचंय. आमच्या धंद्यात पार्ट बदलला की पैसे मिळतात, दोष शोधला की मिळत नाहीत. मग मिस्त्री काय करणार? पार्टच बदलणार. त्याच मालकाने जो फीड पंप गरज नसताना घातला, त्याच्या पैशांत माझी तपासणी पुन्हा पुन्हा झाली असती. ज्या गिऱ्हाइकांना मिस्त्रीने आधी मोजावं, मग बदलावं असं वाटतं, त्यांनी मोजण्याचे पैसे द्यायला हवेत. मी आता पाटीवर लिहून ठेवलंय: तपासणीचे पैसे वेगळे. काही गिऱ्हाइकं कमी झाली. जी राहिली ती टिकून आहेत.

संध्याकाळी ४:३०

सकाळच्या पिकअपची ट्रायल. वासुदेव बळवंत फडक्यांच्या शिरढोणवरून पुढे, कर्नाळ्याच्या चढापर्यंत. जिथे दम तोडला तिथेच नेऊन बघायचं. मागे वजनाला वाळूच्या गोण्या टाकल्या. पोऱ्या शेजारी स्कॅनर धरून. इंजिन जेवढा दाब मागतंय आणि रेल जेवढा देतेय, ते दोन आकडे चढभर बरोबरीने चालले. खिंडीत गाडी वळवली.

संध्याकाळी ६:३०

बिल लिहिलं: पाइप, फिल्टर, टाकीचं काम, तपासणी. काढलेला पाइप, फिल्टर आणि ती काचेची बाटली ड्रायव्हरच्या हवाली केली. पंपाच्या नावापुढे काही नाही. त्याने बिल दोनदा वाचलं आणि मालकाला फोन लावला.

पिकअप चालवणाऱ्या सगळ्यांना एवढंच सांगणं आहे. काटा अडकला, उड्या मारायला लागला की "किलोमीटरच्या अंदाजावर चालवतो" म्हणू नका. त्याच आठवड्यात दाखवा. तोवर टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. पावसाळ्यात फिल्टरचं पाणी नियमित काढा. गाडी डिझेल संपून बंद पडलीच, तर स्टार्टर मारत राहू नका. आधी डिझेल भरा, हवा काढा, मगच चावी फिरवा. आणि कुणी पंप गेला म्हणालं, तर त्याला विचारा, कशावरून मोजलं?