काचेवरची पावली : अमेरिकी मॉलमधल्या व्हिडिओ आर्केडची गोष्ट

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाच्या मास्तराचा व्हिडिओ गेमशी काय संबंध? आहे. सार्वजनिक जागा नेमकी कोणाची, हा प्रश्न आपण ग्रीक अगोरापासून तपासत आलो. त्याचं एक अलीकडचं उदाहरण अमेरिकेतल्या मॉलमध्ये, पोरांच्या गर्दीत सापडतं.

आधी मॉल. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी मध्यमवर्ग उपनगरांत गेला. तिथे घर होतं, अंगण होतं, दाराशी गाडी होती. चौक मात्र नव्हता. व्हिएन्नाहून १९३८मध्ये परागंदा होऊन आलेला वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रूएन याला ही उणीव बोचत होती. त्याच्या आराखड्यावरून १९५६मध्ये मिनेसोटातल्या ईडायना इथे साउथडेल सेंटर उभं राहिलं. पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित, आत चौक. पण या चौकाला मालक होता, आणि खरी गोम तिथेच आहे. पोर्टलंडच्या एका मॉलने व्हिएतनाम युद्धाविरुद्ध पत्रकं वाटणाऱ्यांना रोखलं, ते प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७२मध्ये न्यायालयाने मालकाची बाजू उचलून धरली.

नाणं टाकून खेळायची यंत्रं तोवर तशी बदनामच. न्यूयॉर्क शहरात पिनबॉलवर १९४२पासून १९७६पर्यंत बंदी होती. अटारीचा 'पाँग' १९७२मध्ये पहिल्यांदा बसवला तो कॅलिफोर्नियातल्या एका बारमध्ये. म्हणजे पोरांनी जिथे जायचं नाही, तिथे. 'अ‍ॅलॅडिन्स कॅसल'सारख्या साखळ्यांनी ही यंत्रं मॉलमध्ये, आईबापांच्या खरेदीच्या वाटेवर आणून ठेवली. त्यात १९७८चा 'स्पेस इन्व्हेडर्स' आणि १९८०चा 'पॅक-मॅन' हे जपानी खेळ आले आणि लाटच उसळली. १९८१ या एका वर्षात अमेरिकनांनी अशा यंत्रांत २० अब्ज क्वार्टर टाकले, असा अंदाज 'टाइम' साप्ताहिकाने दिला होता. म्हणजे ५ अब्ज डॉलर. (मागे कोणीतरी हसलं. तो क्वार्टर नव्हे! पाव डॉलरचं नाणं. आपली पावली म्हणा.)

आता मला जे सगळ्यांत मोलाचं वाटतं ते सांगतो. यंत्रावर कोणी खेळत असलं, की पुढचा मुलगा आपलं नाणं पडद्याच्या काचेपाशी ठेवायचा. नाणं ठेवलं, नंबर लागला. गर्दी वाढली की नाण्यांची ओळच लागायची. कोणी चिठ्ठ्या देत नव्हतं, कुठे पाटी नव्हती. दिसायला सगळी नाणी सारखी, उचलून खिशात घालणं अगदी सोपं. तरी रीत टिकली, आणि एकमेकांची नावंही माहीत नसलेल्या पोरांत टिकली. ह्यूमने दोन वल्हेकऱ्यांचं उदाहरण दिलंय, आठवतं ना? कोणी कोणाला वचन दिलेलं नसतं, तरी दोघं एका लयीत वल्ही मारतात. मालमत्तेचा नियमही असाच रुजतो, असं त्याचं म्हणणं. हे शिकवायला मला काचेवरच्या नाण्यांहून चांगलं उदाहरण मिळालेलं नाही.

मोठ्यांना मात्र तिथे फक्त उनाडकी दिसली. टेक्सासमधल्या मेस्किट शहराच्या नियमानुसार १७ वर्षांखालच्यांना पालक बरोबर असल्याशिवाय ही यंत्रं खेळता येत नसत. अ‍ॅलॅडिन्स कॅसल न्यायालयात गेली. १९८२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वयाचा मुद्दा खालच्या न्यायालयाकडे परत पाठवला.

पण आर्केड कायद्याने मेलं नाही. त्याला हिशेबाने मारलं. दुकानाचं भाडं दरवर्षी थोडंथोडं वाढवता येतं. नाण्याचं तसं नाही. पाव डॉलरवरून पुढची सोयीची उडी थेट अर्ध्या डॉलरवर, म्हणजे दुप्पट. आणि १९८० ते १९९० या दहा वर्षांत तिथली महागाई दीडपटीहून जास्त वाढलेली. दुसरं म्हणजे, निष्णात खेळाडू हा धंद्याला तोटा. 'अ‍ॅस्टेरॉइड्स'मध्ये तर एखादा छोटा दगड मुद्दाम शिल्लक ठेवून पोरं एका नाण्यात तासन्‌तास खेळायची! १९९१च्या 'स्ट्रीट फायटर टू'ने ही कोंडी मोठ्या हुशारीने फोडली. दोघं समोरासमोर, जिंकणारा टिकून राहणार, हरणारा उठणार आणि नवा आव्हानवीर नाणं टाकणार. निष्णात खेळाडू आता गिऱ्हाईक खेचू लागला. काचेवर पुन्हा ओळी लागल्या.

ती शेवटची भरभराट. १९९५मध्ये सोनीचं प्लेस्टेशन अमेरिकेत २९९ डॉलरला आलं. हिशेब करा, ११९६ पावल्या. आर्केडसारखं चित्र घरच्या टीव्हीवर दिसू लागलं. पुढच्याच वर्षी मिनेसोटातल्या मॉल ऑफ अमेरिकाने शुक्रवारी-शनिवारी संध्याकाळी १६ वर्षांखालच्या मुलांना मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय येऊ देणं बंद केलं. साउथडेलपासून हा मॉल फार लांब नाही. मेस्किटला जे नगरपालिकेच्या नियमाने साधायचं होतं, ते इथे मालकाने आपल्या अधिकारात केलं.

घरी खेळायला मित्र येतात, ओळखीचे असतात. नंबरावरून भांडण झालं तर आई सोडवते. अनोळखी मुलाशी नंबर ठरवायची वेळच येत नाही. आणि आज जी मोठी आर्केडं उरली आहेत, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी नाणी चालत नाहीत. पालक पैसे भरून कार्ड देतात, मूल ते यंत्रावर टेकवतं आणि झाल्यावर पुन्हा खिशात ठेवतं.